चाकणच्या वर बंद पडणारं विमान

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला, की मोशीत सकाळी जाग येते ती आवाज नसल्यामुळे. कंपन्यांना शटडाउन लागलेला असतो. पहिल्या शिफ्टच्या बसचा हॉर्न वाजत नाही, चौकात डबा घेऊन उभी राहणारी माणसं नसतात, पुणे-नाशिक रस्त्यावरची कंटेनरांची रांगही विरळ झालेली असते. चाकणकडून येणारा तेलकट, किंचित गोडसर वास आम्हाला एरवी वास म्हणून कळतसुद्धा नाही. तो नसला की कळतो. नाकाला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

बाहेरच्या माणसाला शटडाउन म्हणजे सुट्टी वाटते. पण शटडाउनमध्ये मशीन नुसती बंद नसते, उघडलेली असते. वर्षभर जिच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो, तिचं झाकण काढून आत टॉर्च मारायचा तो हा आठवडा. कुठे तेल गळतंय, कुठला बोल्ट ढिला आहे, कुणी काय दडपून काम चालवलंय, ते सगळं या दिवसांत बाहेर येतं. हे मला बाबांनी सांगितलं होतं. त्यांनी मला सांगितलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

काल सकाळी अशाच शांततेत आतल्या खोलीतून विमानाच्या इंजिनाची घरघर ऐकू आली आणि तीन वर्षांपूर्वीचा शटडाउन आठवला. त्या आठवड्यात मी घरातल्याच माणसांवर संशय घेतला होता. सुरुवात स्वतःपासून केली होती.

बाबांची कंपनी त्याच वर्षी बंद झाली होती. चाकणच्या अलीकडे निळ्या गेटची, गिअरचे सुटे भाग करणारी कंपनी. लातूरकडून आयटीआय करून आलेले बाबा तरुणपणी त्या गेटातून आत शिरले ते सव्वीस वर्षं क्वालिटीतच राहिले. पार्ट मोजायचा आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, हे त्यांचं काम. कंपनी बंद झाली, शेड पाडली, जागा विकली गेली. बाबा त्यावर काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात बोलण्याचं खातं आईकडे आहे. बाबा आणि मी ऐकणारे.

माझा जुना कॉम्प्युटर मी त्यांना दिला, तो बातम्या वाचायला. महिन्याभरात त्यांनी त्यावर फ्लाइट सिम्युलेटर शोधून काढला आणि रोज उडायला लागले. लोहगावच्या विमानतळावरून निघायचं, भोसरी, मोशी, चाकण, पुढे राजगुरुनगरपर्यंत जायचं आणि वळून परत. मार्ग ठरलेला. बाबांच्याच कंपनीत स्टोअरला असलेले जगताप काका मूळचे मोशीचे. ते चहाला यायचे आणि खुर्चीच्या मागे उभे राहून बघायचे.

"काय राव, कंपनीत व्हता तवाबी चाकण, आता इमान मिळालं तरीबी चाकणच व्हय? जरा गोव्याला तरी ने की आमाला."

"ओव्हरटाइम चालू आहे," बाबा म्हणायचे.

सिम्युलेटरमध्ये सगळं जग असतं, पण ढोबळ. नावाजलेली शहरं बरी दिसतात, आपला भाग म्हणजे करडे ठोकळे. मग हौशी लोक आपापल्या भागातल्या इमारती, रस्ते, पूल तयार करतात आणि फुकट वाटतात. त्याला ॲड-ऑन सीनरी म्हणतात. आमच्या भागाची सीनरी 'टिटवी' असं नाव घेतलेल्या कुणीतरी केली होती. इंद्रायणीवरचा पूल, भोसरीचा उड्डाणपूल, चाकणच्या शेडी, हिंजवडीच्या काचेच्या इमारती, माण गावाकडची पोखरलेली टेकडी. बाबा तीच सीनरी वापरत होते.

टिटवी मी होते. हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

लपवण्यासारखं त्यात काय होतं, असं कुणीही विचारेल. मी सहावीत असताना एका लग्नात मावशीनं मला हाताला धरून स्टेजवर नेलं होतं. "ही आमची इंग्लिश मीडियमची. म्हण गं एक पोएम." मी उभी राहिले आणि उभीच राहिले. तेव्हापासून मला कौतुकाची भीती वाटते. एखादी गोष्ट चारचौघांत कौतुकाला निघाली, की ती आपली उरत नाही. म्हणून जे मनापासून आवडतं, ते मी दडवून ठेवते. हा स्वभाव म्हणायचा की आजार, ते अजून ठरलेलं नाही.

त्या शटडाउनच्या पहिल्या दिवशी मी सीनरीची नवी आवृत्ती सोडली. त्याआधी एका रविवारी स्कूटी घेऊन चाकणपर्यंत जाऊन आले होते. बाबांच्या कंपनीच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं, आत सपाट केलेली माती, आणि कुंपणावर एका हसऱ्या कुटुंबाचं भलंमोठं चित्र. सीनरी खरी असली पाहिजे, हा माझा नियम. म्हणून घरी येऊन मी शेड काढून टाकली, निळं गेट काढलं, सपाट माती ठेवली. काढताना हात थांबला होता, हे खरं. पण थांबून थांबून किती थांबणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "अपडेट केल्यापासून विमान चाकणच्या वर आलं की जागच्या जागी थिजतंय. मग सगळंच बंद. तीनदा केलं, तिन्ही वेळा तिथंच."

"अपडेटमध्ये काहीतरी असेल," मी वरण वाढून घेत म्हणाले.

"असेल काय, आहेच. चेक न करता माल सोडलाय गड्यानं."

"कोण हा टिटवी?" आईनं विचारलं. "ओळखीचा आहे का?"

"ओळखीचा असता तर बरं झालं असतं. तोंडावर विचारलं असतं."

मी वरणात बघत राहिले. मी हिंजवडीतल्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, आणि माझ्याच मालाला माझ्याच ताटासमोर रिजेक्ट म्हटलं जात होतं. दुसऱ्या कुणाची तक्रार आली नव्हती. पण त्यानंही जिवाला शांतता मिळेना, कारण चाकणच्या वरून मुद्दाम दुसरं कोण उडेल? मी मनाशी ठरवलं, शटडाउन संपेपर्यंत दोष सापडला नाही तर सीनरी कायमची काढून टाकायची. दोष उघडा राहिला की लोक खोदत बसतात, आणि खोदता खोदता टिटवी कोण, इथपर्यंत येतात.

त्याच संध्याकाळी टिटवीच्या मेलवर पत्र आलं. वर लिहिलं होतं, 'दोष अहवाल क्रमांक १'. खाली रकाने पाडलेले. दोषाचे वर्णन, ठिकाण, उंची, हवामान, किती वेळा घडले. तपासणाऱ्याचं नाव, म्हणजे बाबांचं. निर्मात्याच्या नावापुढे टिटवी. शेवटी 'शेरा' असा रकाना, त्यात एकच ओळ: 'मोशीच्या पुलाचा कठडा चांगला जमला आहे.'

मधल्या भिंतीपलीकडे ते खुर्चीत बसले होते. खुर्ची करकरलेली मला ऐकू आली.

उत्तर लिहायला मला दोन तास लागले. मराठीत एवढं लांब मी दहावीनंतर लिहिलं नव्हतं. त्यात पुन्हा भीती, की एखाद्या शब्दावरून ओळख पटेल. म्हणून मी घरात जे शब्द वापरते ते सगळे गाळले. 'आपण', 'कृपया', 'तपासून कळवावे' असं परक्या माणसासारखं लिहिलं. बिघाड शोधायची रीत मात्र नेहमीचीच होती. बाकीच्या सगळ्या सीनऱ्या काढा, फक्त माझी ठेवून उडवून बघा. बंद पडलं नाही, तर काढलेल्या अर्ध्या अर्ध्या परत घाला. ज्या अर्ध्यात बंद पडेल, त्याचे पुन्हा दोन भाग करा.

अहवाल क्रमांक दोन सकाळी आला. 'सर्व काढल्या. फक्त आपली ठेवली. तरीही चाकणवर बंद.'

म्हणजे दोष माझाच. मग मी माझ्याच सीनरीचे तुकडे केले. उत्तरेकडचा, दक्षिणेकडचा, पुन्हा त्याचे दोन, पुन्हा दोन. मी तुकडा पाठवायचा, त्यांनी उडवून बघायचं. क्लायंट सुट्टीवर होते, ऑफिसचं काम घरूनच आणि जेमतेम होतं. घर दिवसभर गप्प. आई दोन दारांच्या मध्ये तांदूळ निवडत बसायची.

"दोघं दोन खोल्यांत करताय तरी काय? तिकडे ते टकटक, इकडे ही टकटक. मधे मी वॉचमन."

तिसऱ्या दिवसापर्यंत दोष एका तुकड्यावर येऊन थांबला, तो म्हणजे कुंपणाआतली सपाट माती. जिथे मी काहीच ठेवलं नव्हतं, तिथेच विमान बंद पडत होतं. रिकाम्या जमिनीत बिघडायला काय असतं? हेडफोन लावून मी माझ्या लॅपटॉपवर तोच मार्ग अकरा वेळा उडाले. विमान एकदाही थिजलं नाही.

तेव्हा पहिल्यांदा माझा संशय भिंतीपलीकडे गेला.

दरम्यान अहवालातला शेऱ्याचा रकाना लांबत चालला होता. चौथ्या अहवालात त्यांनी लिहिलं, की ते पहिल्यांदा चाकणला उतरले तेव्हा बाजारातल्या कांद्याचा वास कपड्यांना दोन दिवस होता. आमच्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं. पाचव्यात लिहिलं, 'कंपनी बंद झाली तरी सकाळी पाचला जाग येते. यावर उपाय निघालेला नाही. सीनरीशी संबंध नाही, तरी नोंद केली.' ती ओळ वाचली तेव्हा मी जागची उठून स्वयंपाकघरात गेले, उगाचच पाणी प्यायले. बाबा तिथेच चहा गाळत होते.

"काय करायलीस?" त्यांनी विचारलं. गाफील असले की त्यांच्या तोंडी लातूर येतं.

"काही नाही. पाणी."

"हं."

आमचं बोलणं संपलं. आत जाऊन मी त्यांना दीड पान लिहिलं.

त्या पत्रात मी एक साधा प्रश्न विचारला होता. सीनरीची जुनी आवृत्ती काढली आहे ना? दोन आवृत्त्या एकाच जागी राहिल्या, की सिम्युलेटर एकाच जमिनीवर दोन वेगळ्या गोष्टी उभ्या करायला बघतो आणि अडकतो. उत्तर आलं: 'जुनी आवृत्ती नाही. कंपनीत शॉपवर, म्हणजे मशीनपाशी, एका पार्टचं एकच ड्रॉइंग असलं पाहिजे. नवं आलं की जुन्यावर लाल शिक्का मारून ते परत घ्यायचं. सव्वीस वर्षांत जुनं ड्रॉइंग कधी शॉपवर राहू दिलेलं नाही.'

मी 'हो' किंवा 'नाही' एवढंच विचारलं होतं. कमी बोलणाऱ्या माणसानं जास्तीचा एक शब्द टाकला तरी दिसतो, आणि इथे तर अख्खा परिच्छेद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगताप काका बाबांना भाजी आणायला घेऊन गेले. काका जिन्यातून ओरडत होते, "चल राव, इमान पळून जात न्हाई!" आवाज खाली विरेपर्यंत मी दारात उभी राहिले आणि मग त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. मी दिलेला कॉम्प्युटर, पण मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. सीनऱ्यांचं फोल्डर उघडलं. त्यात माझी नवी आवृत्ती होती. तिच्या खाली आणखी एकच फोल्डर होतं, त्याचं नाव 'रेशनकार्ड'.

विमानांच्या घरात रेशनकार्डाचं काय काम?

आत माझी जुनी आवृत्ती होती. सबंध. बाहेरचं नाव बदललं तरी सिम्युलेटर आतलंच वाचतो. मी तसंच लोहगावहून उडाले. भोसरी गेली, मोशी गेली. चाकणच्या अलीकडे ती सपाट माती दिसू लागली आणि बघता बघता तिच्यातून शेड वर आली. निळं गेट, गेटावर झेंडूचं तोरण, गेटाशेजारी पिवळा बाक. पाचेक सेकंद. मग सगळं थिजलं, आणि पडद्यावर नुसते आयकॉन उरले.

ते तोरण मीच केलं होतं. पहिल्या आवृत्तीच्या वेळी माझ्याकडे कंपनीचा फोटो नव्हता, म्हणून आठवणीतून केलं. मी कंपनी आयुष्यात एकदाच पाहिली, दुसरीत असताना, खंडेनवमीला. त्या दिवशी मशीन धुऊनपुसून त्यांची पूजा करायचे आणि घरच्यांना आत यायला मोकळीक असायची. बाबांच्या मोजमापाच्या हत्यारांना कुंकू लागायचं होतं. गेटाशी माणसांची ही गर्दी, आणि कुठल्याशा साहेबांनी वाकून मला विचारलं, "व्हॉट इज युवर नेम, बेबी?" मी जे गेट धरलं ते सोडेना. आई ओशाळून आत गर्दीत गेली. बाबा आत गेले, कँटीनमधला पिवळा लोखंडी बाक एकट्यानं ओढत आणला, गेटाबाहेर ठेवला आणि माझ्या शेजारी बसले. आत घंटा वाजली, आरती झाली. त्यांच्या टेबलाची पूजा दुसऱ्याच कुणीतरी केली. आम्ही दोघं बाहेर बसून पेढा खाल्ला. "आत जायचं नसेल तर नाही जायचं," एवढंच ते म्हणाले होते.

खुर्चीत बसून मी विचार करत राहिले. मुलगी म्हणून मी काही बोलू शकत नव्हते, कारण मी त्यांचं फोल्डर उघडलं होतं. टिटवी म्हणूनही बोलता येत नव्हतं, कारण टिटवीला मोशीतल्या एका कॉम्प्युटरातलं रेशनकार्ड कसं दिसेल? आणि सगळ्यात अवघड गोष्ट ही, की जन्मभर जुनी ड्रॉइंग परत घेणाऱ्या माणसानं एक जुनं ड्रॉइंग स्वतःच लपवलं होतं, आणि त्याबद्दल लेखी खोटं बोलला होता. मला वाटलं, कंपनीसाठी. पाच सेकंद ती शेड दिसावी म्हणून हा माणूस रोज विमान बंद पाडून घेतोय.

दुपारी मी जुन्या आवृत्तीतून शेड, गेट, तोरण आणि बाक तेवढे वेगळे काढले, नव्या सीनरीबरोबर भांडणार नाहीत असे बसवले, आणि छोटं पॅकेट पाठवलं. 'हे हवे असल्यास वापरावे. कुणाकडे जुनी आवृत्ती चुकून राहिली असल्यास ती काढावी.' 'चुकून' हा शब्द मी तीनदा घातला आणि तीनदा काढला. शेवटी ठेवला.

शटडाउनच्या शेवटच्या दिवशी शेवटचा अहवाल आला.

'दोष बंद. मूळ कारण: जुनी आवृत्ती काढलेली नव्हती. जबाबदार: तपासणारा. चूक नव्हती, मुद्दाम ठेवली होती. कारण पहिल्याच दिवशी लक्षात आले होते. दोष बंद केला असता तर पत्रव्यवहार बंद झाला असता. शेरा: पिवळा बाक गेटाजवळ एकाच दिवशी होता. दुपारी कँटीनमध्ये परत नेला. सीनरी अचूक असावी हे मान्य. तरी बाक काढू नये.'

तो बाक तिथे होता हे लक्षात राहील अशी जगात दोनच माणसं होती.

म्हणजे जुन्या आवृत्तीत तो बाक पहिल्यांदा दिसला, तेव्हापासून त्यांना ठाऊक होतं. वरणाच्या वाटीपासून, 'ओळखीचा असता तर' पासून. मी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे इंजिन सुरू झालं होतं. मी घड्याळ लावून बसले. भोसरी, मोशी, चाकण. इंजिनाचा आवाज तुटला नाही. तो राजगुरुनगरला जाऊन वळून परत आला.

त्याबद्दल आम्ही आजवर एक अक्षर बोललेलो नाही. मीही आत गेले नाही आणि त्यांनीही बोलावलं नाही. टिटवी कोण, हे आईला अजून माहीत नाही. निदान तसं मला वाटतं. तांदूळ निवडताना ती हल्ली मधेच हसते, त्याचा मला संशय येतो.

गेल्या दोन वर्षांत मी दोनदा सीनरी सुधारली आणि दोन्ही वेळा ती इतकी स्वच्छ निघाली, की बाबांकडून तीन शब्दांचं पत्र आलं: 'तपासले. दोष नाही.' शेऱ्याचा रकाना रिकामा. चांगलं काम केल्याचा एवढा पश्चात्ताप मला दुसऱ्या कशानं झाला नसेल.

म्हणून या शटडाउनला मी नवी आवृत्ती सोडली, ती काल सकाळी. चाकणची नवी शेड, मोशीतले नवे टॉवर, सगळं मोजूनमापून. फक्त बाबांच्या कंपनीचं निळं गेट जुन्या शेडीच्या डाव्या अंगाला ठेवलं. ते उजवीकडे होतं. बाकही त्याच्याबरोबर डावीकडे गेला. ही चूक मुद्दाम केलेली आहे, हे त्यांच्या लक्षात येईल का? सव्वीस वर्षं माल तपासलेला माणूस. येईलच.

काल त्यांनी उड्डाण केलं. चाकणच्या वर विमान बराच वेळ घिरट्या घालत होतं. मग इंजिन बंद झालं, खुर्ची करकरली. आज सकाळपासून भिंतीपलीकडे टकटक चालू आहे. एका बोटानं, थांबून थांबून. दीड तास झाला, अजून संपलेली नाही.